मूल उशिरा बोलते, नीट जेवत नाही: टॉनिक, कॅप्सूल आणि पावडरींचा खरा उपयोग किती?

अडीच वर्षांचे मूल 'आई', 'पापा' आणि 'नको' यांपलीकडे काही बोलत नाही. घास गालात धरून बसते. मिक्सरमधून काढलेला वरणभात तेवढा गिळते, पोळीचा तुकडा मात्र बाहेर काढते. अशा मुलाचे आईवडील तपासणीला येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा तीनचार बाटल्या असतात: भूक वाढवणारे सिरप, मल्टिव्हिटॅमिनचे थेंब, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल (बऱ्याचदा अमेरिकेतल्या आत्याने किंवा मावशीने पाठवलेल्या) आणि एखादा चॉकलेटच्या चवीच्या पावडरीचा डबा. काही दुकानदाराने दिलेल्या, काही व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी सुचवलेल्या.

तुमच्या घरी असे असेल तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वाचाउपचार तज्ज्ञाची वेळ दोन महिन्यांनी मिळते, बाटली मात्र आजच मिळते. मुलासाठी आज काहीतरी करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या बाटल्यांपैकी कोणती खरोखर औषध आहे, कोणती निरुपयोगी पण निरुपद्रवी आहे आणि कोणती नुकसान करू शकते, हे तुम्हाला कळायला हवे. या लेखात तेच पाहू.

कमतरता भरून काढणे आणि 'वरून जास्तीचे' देणे

या दोन गोष्टी सरसकट एकच समजल्या जातात आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

मुलाच्या शरीरात लोह किंवा बी १२ खरोखर कमी असेल तर ते देणे हा उपचार आहे. त्याचा डोस ठरलेला आहे, मुदत ठरलेली आहे आणि फायदा सिद्ध झालेला आहे. मात्र ज्या मुलात कमतरता नाही त्याला तेच जीवनसत्त्व दुप्पट-चौपट दिल्याने मेंदू दुप्पट वेगाने चालत नाही. टाकी भरल्यावर आणखी पेट्रोल ओतले तर ते बाहेर सांडते. काही जीवनसत्त्वे लघवीतून 'सांडतात', पण अ, ड आणि ई सांडत नाहीत, ती शरीरात साठत जातात.

म्हणून पहिला प्रश्न 'कोणते टॉनिक चांगले?' हा नसावा. 'माझ्या मुलात काही कमी आहे का?' हा असावा. त्याचे उत्तर मुलाच्या आहाराची चौकशी, वजन-उंचीचा तक्ता, डॉक्टरांची तपासणी आणि गरजेपुरत्या रक्तचाचण्या यांतून मिळते. केसांची किंवा लघवीची महागडी 'मिनरल टेस्ट' करून मिळत नाही. तिच्यावर पैसे घालवू नका.

ज्या कमतरता खरोखर तपासायला हव्यात

लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे दहातल्या जवळजवळ सात मुलांना. रक्तक्षय झालेले मूल चिडचिडे होते, खेळात आणि माणसांत रमत नाही, भूक मंदावते, माती, खडू किंवा भिंतीचा चुना खाते. बाटलीने दिवसाला लिटरभर दूध पिणारी मुले यात विशेष सापडतात. दुधात लोह फार कमी असते आणि पोट दुधानेच भरल्यामुळे जेवण नको वाटते. आई म्हणते, 'जेवत नाही म्हणून दूध देते', आणि खरे तर दूध देते म्हणून ते जेवत नाही! वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरते, आणि तेही बाटलीने नको, कपाने द्या.

लोहाच्या औषधाचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. हिमोग्लोबिन सुधारल्यानंतरही ते दोन-तीन महिने चालू ठेवावे लागते. नेमके तेव्हाच घरोघरी ते बंद होते. शौचाला काळे होते, त्याची भीती नको. औषध दुधाबरोबर किंवा चहाबरोबर देऊ नका. लिंबूपाणी किंवा आवळा चालतो. आशाताई किंवा अंगणवाडीकडून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे सिरप मिळत असेल तर ते खासगी डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे दुहेरी डोस होणार नाही. आणि एक अपेक्षा आधीच स्पष्ट असू द्या: लोह दिल्याने मूल ताजेतवाने होते, खायला लागते, शिकायला तयार होते. शब्द मात्र त्याला शिकवावेच लागतात.

बी १२. आपल्याकडे हे फार महत्त्वाचे आहे. आई पूर्ण शाकाहारी असेल, दूध-दहीही बेताचेच खात असेल, तर तिच्या शरीरात बी १२ कमी असू शकते आणि मग तिच्या दुधातही ते कमी उतरते. असे बाळ सहा महिन्यांनंतरही फक्त अंगावरच्या दुधावर राहिले, तर हळूहळू मंदावते. हसणे कमी होते, आवाज काढणे थांबते, बसायला लागलेले बाळ पुन्हा लुळे पडते. बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते, केस विरळ आणि तपकिरी होतात. वरचे अन्न तोंडात घेतच नाही. पुढे हातपाय थरथरू लागतात. घरचे म्हणतात, 'शांत बाळ आहे.' ही शांतता चांगली नव्हे.

हा आजार ओळखला गेला तर बी १२ चे इंजेक्शन किंवा औषध सुरू केल्यावर काही दिवसांत बाळ पुन्हा नजर देऊ लागते, काही आठवड्यांत हसते, खाते. बालरोगतज्ज्ञाला इतके समाधान देणारे उपचार फार थोडे आहेत. पण उशीर झाला तर विकासातली काही उणीव मागे राहू शकते. उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावेत, कारण सुरुवातीला थरथर वाढूही शकते. आईलाही बी १२ द्यावे लागते, ते विसरू नये. नुसते फॉलिक आम्लाचे टॉनिक दिले तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि मज्जासंस्थेचे नुकसान मात्र चालूच राहते. म्हणून अंदाजाने टॉनिक देणे इथे धोक्याचे आहे.

थायरॉइड आणि आयोडीन. जन्मतः थायरॉइड कमी असलेले बाळ सुस्त असते, दूध ओढताना दमते, त्याला बद्धकोष्ठ असते, जीभ मोठी वाटते, रडण्याचा आवाज घोगरा असतो, आणि पुढे बोलणे उशिरा येते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्त घेऊन ही चाचणी करता येते, पण ती सर्व रुग्णालयांत होतेच असे नाही. तुमच्या मुलाची झाली होती का ते फाइलमध्ये पाहा. झाली नसेल तर आता करून घ्या. यावर कोणतेही टॉनिक चालत नाही, थायरॉइडची गोळीच द्यावी लागते. घरात मीठ आयोडीनयुक्तच वापरा. 'आरोग्यदायी' म्हणून रोजच्या स्वयंपाकात फक्त सैंधव वापरणाऱ्या घरांत आयोडीन कमी पडू शकते.

क जीवनसत्त्व. हे नाव पाहून आश्चर्य वाटेल. पण स्वमग्न मुलांपैकी काही जण वर्षानुवर्षे तीन-चारच पदार्थ खातात: बिस्किट, पोळी, दूध, एखाद्या ठरावीक कंपनीच्याच वेफर्स. फळ नाही, भाजी नाही. अशा मुलाचे पाय दुखू लागतात, ते चालायला नकार देते, हिरड्या सुजून रक्त येते. हा स्कर्व्ही असतो, आणि तो लक्षात येण्याआधी मुलाच्या हाडांच्या आणि रक्ताच्या कितीतरी तपासण्या होऊन जातात. मूल बोलत नसल्यामुळे 'दुखते' हेही सांगू शकत नाही. तुमचे मूल फळे-भाज्या अजिबात खात नसेल, तर साधे मल्टिव्हिटॅमिन योग्य डोसमध्ये देणे शहाणपणाचे आहे. पूरक देण्याचे हे अगदी रास्त कारण आहे.

ड जीवनसत्त्व पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट आणि त्यानंतर ६०० युनिट पुरते. ते कमी पडले तर मूल उशिरा चालते, हाडे वाकतात. न बोलण्याचे खापर मात्र त्याच्यावर फोडता येत नाही. जस्ताचे औषध जुलाब झाल्यावर ओआरएसबरोबर १४ दिवस देतात, ते योग्यच आहे. भूक वाढावी म्हणून ते महिनोन्महिने देणे योग्य नाही, कारण त्याने शरीरातले तांबे कमी होते.

माशाच्या तेलाची गोष्ट

बोलण्यासाठी सर्वांत जास्त विकले जाणारे पूरक म्हणजे ओमेगा-३, कधी एकटे तर कधी ई जीवनसत्त्वासह. यामागे एक संशोधन सांगितले जाते. २००९ साली अमेरिकेत वाचेचा अ‍ॅप्रॅक्सिया असलेल्या १८७ मुलांवरचा एक लेख प्रसिद्ध झाला. अ‍ॅप्रॅक्सियामध्ये मुलाला काय बोलायचे ते कळत असते, पण जीभ-ओठांच्या हालचालींची योजना मेंदूत नीट जुळत नाही. तोच शब्द आज एक प्रकारे, उद्या दुसऱ्या प्रकारे उमटतो. या मुलांना ओमेगा-३ आणि ई जीवनसत्त्व दिल्यावर बहुसंख्य पालकांनी मोठा फरक पडल्याचे सांगितले.

मग अडचण काय? त्यात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. आपण काय देत आहोत हे पालकांना माहीत होते आणि सुधारणा झाली की नाही हेही त्यांनीच सांगायचे होते. अशा अभ्यासातून 'हे तपासून पाहायला हवे' एवढेच म्हणता येते, 'हे चालते' असे म्हणता येत नाही. बाजाराने मात्र तेवढ्यावरच डबे भरले. २०१५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असे पूरक विकणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली. तिच्या उत्पादनाने मुलांच्या वाचेचे विकार बरे होतात या दाव्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे कमिशनचे म्हणणे होते. कंपनीला असे दावे थांबवावे लागले आणि पैसेही भरावे लागले.

'परदेशातून आणले आहे, म्हणजे तपासलेले असणार' असे आपल्याकडे अनेकांना वाटते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार आहारपूरके विकण्यापूर्वी त्यांचा उपयोग होतो हे सरकारकडे सिद्ध करावे लागत नाही. औषधाला लागते, पूरकाला नाही.

मग मासे द्यायचे नाहीत का? जरूर द्या. तुमच्या घरी मासे खात असतील तर बांगडा आणि तारली ही स्वस्त आणि उत्तम मासळी आठवड्यातून एक-दोनदा काटे काढून द्यावी. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असतो, ते मुलांना नकोत. शाकाहारी घरात जवसाची चटणी आणि अक्रोडाची पूड चालते. त्यातला ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचा असतो आणि शरीरात त्याचे माशातल्या प्रकारात रूपांतर थोडेच होते, पण आहार म्हणून ते चांगलेच आहे.

कार्नोसिनबद्दलही पालक विचारतात. २००२ साली ३१ मुलांवर झालेल्या एका लहान अभ्यासावर त्याची कीर्ती उभी आहे आणि पुढे तो फायदा खात्रीने दिसला नाही. फॉलिनिक आम्ल हा वेगळा विषय आहे. मेंदूपर्यंत फोलेट न पोहोचण्याच्या एका दुर्मीळ आजारात ते औषध म्हणून देतात. २०२५ मध्ये अमेरिकेत स्वमग्नतेसाठी त्याची फार चर्चा झाली, पण त्यावरचे अभ्यास लहान आहेत. ते हवे की नको हे बालमेंदूविकारतज्ज्ञांनी ठरवायचे, दुकानातून घेऊन पाहायचे नाही.

'पण आमच्या मुलाला खरंच फरक पडला!'

असे सांगणारे पालक खोटे बोलत नसतात. त्यांनी फरक पाहिलेला असतो. प्रश्न एवढाच की तो कशाने पडला.

दीड ते अडीच वर्षांच्या काळात बहुतेक मुलांचे शब्द एकदम वाढतात. उशिरा बोलणाऱ्यांपैकीही बरीच मुले तिसऱ्या वर्षाच्या आसपास आपणहून पुढे येतात. त्यातच पालक बाटली आणतात ती सर्वांत जास्त काळजी वाटते त्या दिवसांत. त्याच सुमारास ते मोबाइल बंद करतात, मुलाशी जास्त बोलतात, बालवाडीत घालतात, उपचार सुरू करतात. तीन महिन्यांनी मूल वीस नवे शब्द बोलते आणि श्रेय बाटलीला मिळते. ज्या घरी फरक पडत नाही ते घर गप्प बसते. म्हणून आपल्याला फक्त यशाच्याच गोष्टी ऐकू येतात.

तरीही तुम्हाला एखादे पूरक देऊन पाहायचेच असेल, आणि डॉक्टरांच्या मते त्याचा डोस सुरक्षित असेल, तर ते पद्धतशीर करा. सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा: आठवड्यात मुलाने आपणहून किती वेगवेगळे शब्द वापरले, एका जेवणाला किती मिनिटे लागली, किती प्रकारचे पदार्थ खाल्ले, जेवताना किती वेळा ठसका लागला. पाच मिनिटांचा व्हिडिओही करून ठेवा. मग एकच गोष्ट सुरू करा. तीन बाटल्या एकदम सुरू केल्या तर काहीच कळणार नाही. बालवाडीच्या ताईंना आणि आजीला सांगू नका, आणि त्यांना काही बदल दिसतो का ते नंतर विचारा. ८ ते १२ आठवड्यांत नोंदींमध्ये स्पष्ट फरक नसेल तर बंद करा. फरक वाटला, तरी काही आठवडे बंद करून पाहा. खरा परिणाम असेल तर वही सांगेल.

आणि या काळात वाचाउपचार थांबवू नका. ही अट मी प्रत्येक पालकाला घालतो. पूरकाचा सर्वांत मोठा तोटा बहुतेक वेळा पोटात होत नाही, कॅलेंडरवर होतो. 'आधी हा कोर्स संपू दे, मग थेरपी बघू' असे म्हणत तिसरे वर्ष सरते, आणि मेंदू सर्वांत वेगाने शिकतो तेच हे वय असते. अ‍ॅप्रॅक्सियाच्या वाचाउपचारांवरही संशोधन अजून फार नाही. पण निदान तिथे २६ मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागून, आठवड्यातून चार दिवस, तीन आठवडे उपचार देऊन पाहिले गेले आणि सुधारणा मोजली गेली. बाटलीबाबत तेवढेही झालेले नाही.

जास्त झाले तर काय होते

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा सांगितलेली असते आणि चुकून रोज दिली जाते. असे खरोखर घडते. मग रक्तातले कॅल्शियम वाढते, उलट्या, बद्धकोष्ठ, खूप लघवी होते, मूल सुकते आणि त्याची भूक मरते. मूल जेवावे म्हणून दिलेले औषधच जेवण बंद करते. मूत्रपिंडांनाही इजा होते.

कॉड लिव्हर ऑइल, मल्टिव्हिटॅमिन आणि आणखी एखादे टॉनिक अशी तिन्ही एकत्र दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होऊ शकते, कारण ते तिन्हींत असते. शिवाय नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लसीकरण केंद्रात सहा-सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस मिळतोच. जास्त झाल्यास डोकेदुखी, उलटी होते आणि लहान बाळाची टाळू फुगते. ई जीवनसत्त्वाची रोजची गरज तीन वर्षांपर्यंत सुमारे ६ मिलिग्रॅम आहे. या वयात रोजची वरची सुरक्षित मर्यादा २०० मिलिग्रॅम, आणि चार ते आठ वर्षांत ३०० मिलिग्रॅम. फार मोठ्या डोसने रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून टॉन्सिल, फाटलेली टाळू किंवा दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर मूल कोणती पूरके घेते ते सर्जनला आधीच सांगा. बी ६ चे मोठे डोस दीर्घकाळ दिले तर नसांना इजा होते.

लोहाची बाटली कुलपात ठेवा. गोड सिरप किंवा रंगीत गोळ्या मुलाने एकदम संपवल्या तर जिवावर बेतू शकते. असे झाल्यास उलटी काढत बसू नका. बाटली बरोबर घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. फिट्सचे औषध चालू असलेल्या मुलांनाही कोणतेही पूरक विचारल्याशिवाय देऊ नका. उदाहरणार्थ, फॉलिक आम्लाच्या मोठ्या डोसने फेनिटॉइनची रक्तातली पातळी उतरू शकते आणि थांबलेल्या फिट्स पुन्हा सुरू होतात.

वेखंड, घुटी, सुवर्णप्राशन

वाचा फुटावी म्हणून वेखंड उगाळून मधातून जिभेला लावणे हा जुना घरगुती उपाय आहे. आजीचा हेतू चांगला असतो, पण दोन गोष्टी तिला समजावून सांगा. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये. त्यातून बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. आणि वेखंडात बीटा-असारोन नावाचे घटकद्रव्य असते, जे सुरक्षित मानले जात नाही. भस्मे किंवा रसौषधी असलेली औषधे उत्पादकाच्या तपासणी अहवालाशिवाय घेऊ नका. २००४ साली बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे मुलांच्या मेंदूच्या विकासालाच मारक आहे. बोलणे सुधारण्यासाठी घेतलेल्या औषधातून तेच पोटात जाणे याहून वाईट काय?

जेवणाची अडचण पुष्कळदा तोंडात असते, भुकेत नसते

'भूक लागत नाही' असे म्हणून आलेल्या मुलांकडे जेवताना नीट पाहिले तर वेगळेच दिसते. भूक असते, पण चावता येत नाही. चावणे हे चालण्यासारखेच शिकावे लागते. सहाव्या महिन्यात मऊ वरचे अन्न आणि आठव्या-नवव्या महिन्यापासून हाताने कुस्करलेले, जरा गाठी असलेले अन्न मिळाले की जीभ घास बाजूला न्यायला शिकते. वरणभात दोन वर्षांपर्यंत मिक्सरमधूनच गेला, तर हे शिकणे राहून जाते आणि मग पोळी समोर आली की मुलाला उबळ येते. यावर भूक वाढवणारे सिरप काय करणार? त्यातल्या काहींत सायप्रोहेप्टाडीन असते. त्याने झोप येते, वजन थोडे वाढते आणि औषध थांबवले की गाडी पुन्हा मूळपदावर येते.

घास जाडसर करणे टप्प्याटप्प्याने करावे लागते. मिक्सरऐवजी रवी, मग चमचा, मग हात. भाताचे शीत दिसू द्या. पिकलेले केळे, वाफवलेला रताळ्याचा तुकडा, मऊ इडली, तुपात भिजलेला पोळीचा पापुद्रा, असे दाढेच्या बाजूला ठेवा, जिभेच्या मधोमध नको. मूल ताठ बसलेले, पाय टेकलेले असू द्या. मोबाइलवर कार्टून लावून घास ढकलले तर मूल गिळते, पण खायला शिकत नाही. जेवण अर्ध्या तासात आटोपते घ्या आणि उरलेले शांतपणे उचला. बळजबरी, नाक दाबणे, 'बुवा येईल' ही भीती यांनी तोंड आणखी घट्ट मिटते. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे मात्र पाच वर्षांपर्यंत देऊ नका. ते श्वासनलिकेत अडकतात.

वजन कमी असेल तर महागड्या पावडरीआधी स्वयंपाकघरातला डबा उघडा. एक चहाचा चमचा तूप म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा तेल, दाण्याचे बारीक कूट, नाचणी सत्त्वात दूध, शिऱ्यात अंडे फेटून घालणे, यांनी घासांची संख्या तीच राहून ताकद वाढते. दुधात घालायच्या अनेक पावडरींत साखर भरपूर असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांचे गिळणेच असुरक्षित असू शकते. जेवताना खोकला, डोळ्यांत पाणी, जेवल्यानंतर घशात घुरघुर, वरचेवर न्यूमोनिया, एका जेवणाला तासभर लागणे ही लक्षणे असतील तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पातळ टॉनिक चमच्याने ओतणेही धोक्याचे ठरते. गिळण्याची तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी काही काळ नळीने अन्न देण्याचा सल्ला दिला तर तो तुमचा पराभव समजू नका. कित्येक मुलांचे वजन त्यानंतरच पहिल्यांदा वाढते, आणि आईला जेवण भरवण्याखेरीज मुलाशी खेळायलाही वेळ मिळतो.

स्वमग्न मुलांसाठी गहू आणि दूध बंद करण्याचा सल्लाही खूप दिला जातो. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असा वर्ज्य आहार वापरू नये, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेचे मार्गदर्शन आहे. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दोन पदार्थ काढून घेतले तर उरते काय, हा साधा विचार करा. सीलिअ‍ॅक आजार किंवा दुधाची अ‍ॅलर्जी तपासणीत सिद्ध झाली असेल, तर अर्थातच पथ्य पाळलेच पाहिजे.

कोणाकडे आणि केव्हा जायचे

सर्वांत आधी श्रवणचाचणी. 'हाक मारली की बघतो' हे पुरेसे नाही. कमी ऐकू येणारे मूलही दार आपटल्यावर वळते. वर्षाचे होईपर्यंत बाळ बडबडत नसेल, बोटाने दाखवत नसेल, टाटा करत नसेल, सोळा महिन्यांना एकही शब्द नसेल, दोन वर्षांना 'पाणी दे', 'बाबा आले' असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. येत असलेले शब्द किंवा कौशल्ये कोणत्याही वयात गेली तर त्याच आठवड्यात दाखवा. 'याचे बाबाही चार वर्षांचे झाल्यावर बोलले' हे ऐकून घ्या आणि तरी दाखवा. जीभ चिकटलेली आहे म्हणून बोलत नाही, ही समजूतही बहुतेक वेळा चुकीची ठरते. टाका कापण्याची घाई नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. ते मुलाला जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते आणि तिथे तपासणी व उपचार मोफत असतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. जाताना सर्व बाटल्या, पुड्या आणि डबे पिशवीत घालून घेऊन जा, आजीची घुटीसुद्धा. डॉक्टर रागावतील म्हणून काही लपवू नका. कोणती बाटली चालू ठेवायची आणि कोणती आजपासून बंद करायची, हे लेबल समोर असले की पाच मिनिटांत ठरते.

मूल अचानक सुस्त झाले, सतत उलट्या होत असतील, जेवताना निळे पडले, चालणे थांबले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले किंवा महिनाभरात वजन घटले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.